दोन दिवसांचं काम दोन महिने कुठे असतं?

पिठाच्या गिरणीत पाच किलो गहू दळायला फार वेळ लागत नाही. तरी सकाळी ठेवलेला डबा संध्याकाळी हातात येतो. गिरणीवाला काही आळशी नसतो. पट्टा दिवसभर फिरत असतो, त्याच्या भुवयांवरही पीठ बसलेलं असतं. आपला डबा मात्र त्या दिवसातली काही मिनिटं दळला जातो आणि उरलेला दिवस रांगेत बसून काढतो. त्यात कुणाची ज्वारी असते, कुणाची भाजणी, कुणाची हरभऱ्याची डाळ. धान्य बदललं की आधीचं पीठ झटकायचं, जाड-बारीक पुन्हा लावायचं. म्हणून शहाणा गिरणीवाला आधी सगळे गहू उरकतो आणि मगच ज्वारीकडे वळतो. एवढ्यात कुणीतरी डोकावून विचारतं, "माझं झालं का हो?" उत्तर देण्यासाठी हातातलं काम सोडावं लागतं.

सॉफ्टवेअरच्या धंद्यातलं कोडं नेमकं हेच आहे. 'एवढा छोटासा बदल आणि त्याला दोन महिने?' असं ग्राहक चिडून विचारतो. आत काम करणारा माणूस तितक्याच पोटतिडकीने सांगतो की आम्हाला मान वर करायला फुरसत नाही. दोघंही खरं बोलत असतात. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, याचं उत्तर शोधताना 'कानबान' नावाची कामाची पद्धत आकाराला आली.

न दिसणारी रांग

गिरणीत निदान डबे डोळ्यांसमोर असतात. पंधरा डबे दिसले की नवं गिऱ्हाईक आपणहून म्हणतं, "उद्या आणते." सॉफ्टवेअरमध्ये अर्धवट कामाचा ढीग कुणाच्या टेबलावर साचत नाही. तो ईमेलमध्ये, कॉम्प्युटरमध्ये आणि माणसांच्या डोक्यात असतो. दिसत नाही, म्हणून त्यात आणखी एक काम टाकताना कुणालाच संकोच वाटत नाही.

समजा, पुण्यातली एक छोटी टीम पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवते. एका पतसंस्थेची मागणी येते: पिग्मी एजंट दुकानदाराला जी पावती देतो, तिच्यावर खातेदाराचं नाव मराठीतही छापून यावं. प्रोग्रॅमरचं एक दिवसाचं काम, टेस्टरचं अर्ध्या दिवसाचं, ग्राहकाकडे बसवून द्यायला अर्धा दिवस. एकूण दोन दिवस.

आता हे काम फिरतं कसं ते बघा. मागणीचा मेल आठवडाभर पडून राहतो, कारण मीटिंग सोमवारी असते. मीटिंगमध्ये होकार मिळतो, पण प्रोग्रॅमरच्या हातात आधीच चार कामं आहेत. दहा दिवसांनी ती हे काम उघडते आणि अडते: एजंटच्या हातातल्या छोट्या मशिनवर जोडाक्षरं फुटतायत, आणि नाव लांब असेल तर ते तोडायचं कुठे? ती पतसंस्थेच्या मॅनेजरला विचारते आणि उत्तर येईपर्यंत बसून कशाला राहायचं म्हणून दुसरं काम काढते. उत्तर चार दिवसांनी येतं, तोवर ती तिसऱ्यात बुडालेली असते. परत आल्यावर अर्धा दिवस 'मी इथे काय करत होते' हे आठवण्यात जातो. मग तिचा कोड दुसऱ्या कुणी वाचून तपासायचा, तो दुसरा व्यस्त. मग टेस्टिंगची रांग. टेस्टरला चूक सापडते तेव्हा कोड लिहून तीन आठवडे झालेले असतात. शेवटी सगळं तयार होतं, पण नवी आवृत्ती महिनाअखेरीलाच जाते.

या सगळ्यात कुणी टंगळमंगळ केलेली नाही. प्रत्येकाने रिकामं बसू नये म्हणून नवं काम हातात घेतलं, आणि त्यातूनच रांग वाढली.

टोयोटाच्या कारखान्यातून

सॉफ्टवेअर बनवण्याच्या जुन्या पद्धतीत आधी सगळी आखणी, मग सगळं बांधकाम, मग सगळी तपासणी असे मोठे टप्पे असत. गंमत म्हणजे या पद्धतीचा दाखला म्हणून विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा जो लेख दिला जातो, त्यात त्यांनी ती जोखमीची असल्याचंच म्हटलं होतं. लोकांनी आकृती घेतली, इशारा सोडून दिला. पुढे थोडं थोडं बनवून वरचेवर ग्राहकाला दाखवावं असं म्हणणारे अनेक प्रवाह निघाले. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी या विचाराला 'अजाइल' हे नाव देऊन एक छोटा जाहीरनामा काढला. त्यातला सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे स्क्रम. त्यात साधारण दोन आठवड्यांचा 'स्प्रिंट' ठरवतात आणि तेवढ्यात पुरं होईल इतकंच काम घेतात. हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत बहुतेक आयटी कंपन्यांत आज हीच भाषा बोलली जाते.

कानबानचं मूळ मात्र मोटारींच्या कारखान्यात आहे. जपानमध्ये टोयोटाचे अभियंते ताइइची ओनो यांना अमेरिकी सुपरमार्केटच्या मांडणीत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली: फळीवरून गिऱ्हाईक जेवढं उचलतं, तेवढंच मागून भरलं जातं. १९५० च्या दशकात त्यांनी कारखान्यात तेच सुरू केलं. पुढच्या विभागाने सुटे भाग वापरले की एक चिठ्ठी मागच्या विभागाकडे जाई, आणि चिठ्ठी आल्याशिवाय मागच्याने नवे भाग बनवायचे नाहीत. या चिठ्ठीला जपानीत कानबान म्हणतात. फिरत्या चिठ्ठ्यांची संख्या ठरलेली, म्हणून अर्धवट मालाचा ढीगही त्यापलीकडे वाढू शकत नसे. काम मागून ढकलायचं नाही, पुढच्याने ओढून घ्यायचं.

कारखान्यात तोच नट पुन्हा पुन्हा बनतो. सॉफ्टवेअरमध्ये एक काम दुसऱ्यासारखं नसतं. त्यामुळे टोयोटाची चिठ्ठी जशीच्या तशी इकडे आली असं म्हणणं मला ओढूनताणून वाटतं. इकडे आली ती फक्त मर्यादा: एका वेळी हातात किती कामं असावीत याचा ठरलेला आकडा.

साधा भागाकार

या आकड्याचा एवढा परिणाम का होतो, हे एका भागाकाराने कळतं. रांगांच्या गणितात त्याला लिटलचा नियम म्हणतात, कारण जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. हातात सरासरी किती कामं आहेत, भागिले आठवड्याला सरासरी किती पुरी होतात, म्हणजे एका कामाला सरासरी किती आठवडे लागतात.

आपली पतसंस्थावाली टीम आठवड्याला चार कामं पुरी करते असं धरू. हातात वीस कामं असतील, तर प्रत्येकाला सरासरी पाच आठवडे लागणार. तीच टीम, तोच वेग, पण हातात फक्त आठच कामं ठेवली तर दोन आठवडे. कुणी रात्री जागलं नाही, कुणी भराभर टाइप केलं नाही.

इथे चाणाक्ष वाचक म्हणेल की ही तर हातचलाखी झाली. बारा कामं आतून बाहेर काढून ठेवली, ग्राहकाचं थांबणं तेवढंच राहिलं! शंका बरोबर आहे, आणि कानबानची जाहिरात करणारे ती बऱ्याचदा टाळतात. नुसत्या भागाकाराने ग्राहकाचं एकूण थांबणं कमी होत नाही. पण बाहेर थांबलेलं काम आणि आत अर्धवट पडलेलं काम यांत फार फरक आहे. बाहेरच्या कामावर अजून काही खर्च झालेला नसतो. ते उद्या रद्द झालं किंवा त्याच्या जागी जास्त महत्त्वाचं काम आलं, तरी काही वाया जात नाही. आत पडलेलं काम मात्र शिळं होतं: संदर्भ विसरला जातो, दुसऱ्या कुणी तोच कोड बदललेला असतो, आणि चूक उशिरा सापडली की ती शोधायलाच जास्त वेळ लागतो. हातातली कामं कमी केली की ही नासाडी थांबते आणि आठवड्याला चाराच्या जागी पाच कामं पुरी होऊ लागतात. खरा फायदा तिथे आहे.

कुणी रिकामं नको, या हट्टाची किंमत

मर्यादेला सर्वांत मोठा विरोध होतो तो मॅनेजरकडून. "माणसं बसून राहतील!" पूर्ण पगार देतो तर पूर्ण वेळ कामात हवा, हे वरवर पटण्यासारखं आहे. इथेही गणित आड येतं.

टेलिफोनच्या तारा कमी आणि बोलणारे जास्त, तेव्हा लोकांना किती ताटकळावं लागेल याचा अभ्यास कोपनहेगनमध्ये एर्लांग यांनी केला आणि १९०९ मध्ये पहिला लेख लिहिला. तिथून रांगांचं शास्त्र सुरू झालं. कामं अधूनमधून, अनियमित येत असतील आणि कमीजास्त लांबीची असतील, तर त्यातलं सर्वांत साधं सूत्र असं सांगतं: एकटा माणूस वेळेच्या ८० टक्के व्यग्र असेल, तर दोन दिवसांच्या कामाला रांगेसकट सरासरी १० दिवस लागतात. तो ९० टक्के व्यग्र झाला की २० दिवस. ९५ टक्के झाला की ४० दिवस. शंभराच्या जवळ जाल तशी रांग वाढतच जाते आणि तिला अंत उरत नाही.

म्हणजे नव्वदच्या पुढच्या पाच टक्क्यांची 'बचत' करायला गेलं की ग्राहकाचा वेळ दुप्पट होतो. खऱ्या टीममध्ये माणसं अनेक असतात आणि आकडे इतके काटेकोर नसतात, पण आलेखाचा चढ असाच असतो. थोडी मोकळीक हा कामाच्या रचनेचाच भाग आहे. आपल्याकडे दर महिन्याला प्रत्येकाच्या टाइमशीटमध्ये शंभर टक्के बघून खूश होणारे साहेब पुष्कळ आहेत, त्यांना हा आलेख कुणीतरी फ्रेम करून द्यावा.

फळ्यासमोरची सकाळ

आता प्रत्यक्ष बघू. भिंतीवर पांढरा फळा, त्यावर उभे रकाने: 'रेडी', 'डेव्हलपमेंट', 'रिव्ह्यू', 'टेस्टिंग', 'डन'. प्रत्येक कामाची एक रंगीत चिकटचिठ्ठी. रकान्याच्या डोक्यावर मार्करने लिहिलेला आकडा: डेव्हलपमेंट ४, रिव्ह्यू २, टेस्टिंग ३. टेस्टिंगमध्ये तीन चिठ्ठ्या असतील तर चौथी तिथे लागत नाही, ती कितीही तयार असली तरी. काम एक दिवस त्याच रकान्यात राहिलं की चिठ्ठीच्या कोपऱ्यात एक टिंब. सात टिंबांची चिठ्ठी लांबूनही नजरेत भरते.

सकाळी दहाला सगळे फळ्यासमोर उभे राहतात. स्क्रमच्या जुन्या रिवाजात प्रत्येक माणूस काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय हे सांगतो. इथे माणसांची हजेरी घेत नाहीत, फळा वाचतात, आणि तोही उजवीकडून डावीकडे. पुरं व्हायला आलेलं काम आधी.

"टेस्टिंगच्या तिन्ही जागा भरल्यात."

"माझं पावतीचं काम झालंय, पण पुढे सरकवायला जागा नाही. मी नवीन एखादं घेऊ?"

"नवीन नको गं. व्याजाचं टेस्टिंग तीन दिवस अडलंय. जुन्या मुदतठेवींचा नमुना डेटाच नाहीये माझ्याकडे. तू काढून देशील?"

"दुपारपर्यंत देते."

सगळी पद्धत या चार वाक्यांत आहे. पूर्वी तिने नवं काम घेतलं असतं, टेस्टरने तक्रारीचा मेल टाकला असता, आणि व्याजाचं काम आणखी आठवडाभर पडून राहिलं असतं. भरलेल्या रकान्याने तिला अडवलं, म्हणून अडचण कुठे आहे ते तिला दिसलं. मर्यादेचा उपयोग काम थांबवण्यापेक्षा असं बोलणं घडवून आणण्यात जास्त आहे. पहिले काही आठवडे हे फार चिडचिडीचं वाटतं, कारण 'टेस्टिंग माझं काम नाही' ही भिंत आधी पाडावी लागते.

[चौकट]
फळ्यावरची बोली
बॅकलॉग: मागण्यांची यादी. यातलं काही करायचं अजून कुणी कबूल केलेलं नाही.
विप: सुरू झालेली पण न संपलेली कामं. रकान्यावरचा आकडा ही त्यांचीच मर्यादा.
लीड टाइम: काम हाती घेतल्यापासून ग्राहकाला मिळेपर्यंतचे दिवस. यात मधल्या रांगाही मोजायच्या.
थ्रूपुट: ठरावीक काळात पुऱ्या झालेल्या कामांची संख्या. अर्धवट कामांना गुण नाहीत.
ब्लॉकर: बाहेरच्या कारणाने अडलेल्या कामावर लावायची लाल खूण.
[चौकट समाप्त]

हैदराबादची टीम

सॉफ्टवेअरमधला कानबानचा पहिला प्रयोग जिथे झाला असं मानतात, ती टीम भारतातलीच होती याचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो. २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत वापरातल्या ॲप्लिकेशन्सच्या दुरुस्त्या आणि छोटे बदल हैदराबादची एक छोटी टीम करत असे. तीन प्रोग्रॅमर, तीन टेस्टर. माणसं हुशार होती, प्रक्रिया चोख होती, तरी एका मागणीला सरासरी पाच महिने लागत आणि मागण्यांचा ढीग वाढतच होता. द्रागोश दुमित्रिऊ या मॅनेजरने हे काम अंगावर घेतलं आणि त्याच कंपनीत असलेल्या डेव्हिड अँडरसन यांच्याकडे सल्ला मागितला.

दोघांनी शोध घेतला तो वेळ कुठे जातो याचा, माणसांच्या कुवतीचा नाही. नियम असा होता की नवी मागणी आली की ४८ तासांत तिला किती वेळ आणि खर्च लागेल याचा अंदाज द्यायचा. हा अंदाज बांधायला प्रोग्रॅमर आणि टेस्टर हातातलं काम सोडून बसत. टीमची सुमारे एक तृतीयांश, कधी त्याहूनही जास्त ताकद यातच खर्ची पडे, आणि अंदाज दिलेल्या अनेक मागण्या पुढे कधी हातातच घेतल्या जात नसत. वर वेगवेगळ्या विभागांचे प्रतिनिधी महिन्यातून एकदा भेटून प्राधान्यक्रम नव्याने मांडत, म्हणजे रांग पुन्हा विस्कटायची.

केलेले बदल ऐकायला अगदी किरकोळ आहेत. अंदाज देणं बंद केलं. एका वेळी हातात घ्यायच्या कामांना मर्यादा घातली आणि प्रोग्रॅमरसमोर मोजक्याच कामांची छोटी रांग ठेवली. विभागांच्या प्रतिनिधींना आठवड्यातून एकदा एवढंच विचारायचं: इतक्या जागा रिकाम्या झाल्यात, त्यात पुढे काय घालू? ऐंशी मागण्यांचा क्रम लावण्यापेक्षा दोन निवडणं सोपं, म्हणून भांडणंही कमी झाली. काम वाहू लागल्यावर दिसलं की टेस्टर मोकळे आहेत आणि प्रोग्रॅमरपाशी अडतंय, तेव्हा तीन-तीनचं प्रमाण चार-दोन केलं. नंतर दोन माणसं वाढवली. वर्षभराच्या आत लीड टाइम सुमारे दोन आठवड्यांवर आला.

या टीमपाशी रंगीत चिठ्ठ्यांचा फळा नव्हताच. कामांची नोंद कॉम्प्युटरवरच्या प्रणालीत होती. आज कानबान म्हटलं की जो फळा डोळ्यांसमोर येतो, तो अँडरसन यांनी पुढे सिएटलच्या कॉर्बिस या छायाचित्रांच्या कंपनीत रूढ केला, आणि २०१० मध्ये या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. त्यांनी एक पथ्य सांगितलं ते मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं: आहे तिथून सुरुवात करा. नवी पदं, नवे विधी, नवी नावं आणू नका. आज काम जसं चालतं तसंच फळ्यावर मांडा, आणि मग त्यावर मर्यादा घाला.

बिघडतं कुठे

दुर्दैवाने बहुतेक टीम पहिली पायरी चढतात आणि दुसरी विसरतात. जिरा किंवा ट्रेलोसारख्या सॉफ्टवेअरवर रकाने काढले, चिठ्ठ्या रंगवल्या, झालं कानबान. रकान्यावर आकडाच नाही. अशा फळ्यावर डेव्हलपमेंटमध्ये तेवीस चिठ्ठ्या सुखाने नांदतात आणि कुणाला काही वाटत नाही. तो सूचनाफलक झाला.

दुसरं दुखणं 'अर्जंट'चं. सर्व्हर बंद पडला तर मर्यादा बाजूला ठेवून धावावंच लागतं, म्हणून फळ्यावर त्यासाठी एक वेगळी आडवी रांग ठेवतात. नियम असा की तिच्यात एका वेळी एकच चिठ्ठी. पण मोठ्या साहेबांच्या प्रत्येक मागणीला त्या रांगेतून वाट मिळू लागली की महिन्याभरात सगळंच अर्जंट होतं, आणि मग खरोखर अर्जंट कामही इतरांसारखंच ताटकळतं.

उलट बाजूची चूकही होते. मर्यादा फारच कमी ठेवली, सहा जणांच्या टीमला एकच काम, तर बाहेरून एक उत्तर यायचं राहिलं की सगळे खोळंबतात. योग्य आकडा कुठल्या पुस्तकात सापडत नाही. सध्या हातात सरासरी जेवढं आहे त्यापेक्षा किंचित कमी धरावं, काही आठवडे बघावं, पुन्हा कमी करावं. त्रास होऊ लागला की समजायचं, आता काहीतरी दिसायला लागलंय.

'कधी होईल?'

राहता राहिला ग्राहकाचा प्रश्न. अंदाज बांधणं सोडलं, तर त्याला तारीख काय सांगायची? यासाठी पुऱ्या झालेल्या चिठ्ठ्या जपून ठेवतात. समजा, मागच्या ४० कामांपैकी ३४ कामं हाती घेतल्यापासून १२ दिवसांच्या आत पुरी झाली. मग सांगायचं, 'असं काम आमच्याकडे शंभरात पंच्याऐंशी वेळा बारा दिवसांत होतं.' प्रोग्रॅमरला पकडून 'मनापासून सांग, किती दिवस लागतील' असं विचारण्यापेक्षा हे उत्तर जास्त भरवशाचं असतं, कारण त्यात पतसंस्थेच्या मॅनेजरची चार दिवस न आलेली उत्तरं आणि टेस्टिंगची रांग आधीच मोजलेली असते. मर्यादा मोडून हातात दुप्पट कामं घेतली, तर मात्र हे जुने आकडे कामाचे राहत नाहीत.

आणि हे बारा दिवस काम 'रेडी'मधून ओढून घेतल्यापासूनचे असतात, पतसंस्थेने मेल टाकला त्या दिवसापासूनचे नाहीत. हा फरक ग्राहकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवा. तो लपवून 'आमचा लीड टाइम बारा दिवस' असं मिरवणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांनी कमी केलेली रांग त्यांच्या दाराबाहेर उभी असते, आणि तिच्यातल्या माणसाला ती चांगलीच जाणवत असते.